शाळेच्या कलावंत माजी विद्यार्थ्यांचा सन्मान: कोणाचा करायचा आणि कसा?

जुनी_वही

नमस्कार मंडळी. सल्ला हवाय, आणि जरा घाईतच.

आमच्या शाळेने यंदा ठरवलंय की ज्यांनी कलेच्या क्षेत्रात आयुष्य काढलं अशा माजी विद्यार्थ्यांचा सन्मान करायचा. पाच जणांची समिती आहे. 'तुला लिहिता येतं' या एकमेव गुणावर मला त्यात घेतलंय. आजवर आमच्याकडे सन्मान म्हणजे जिन्याजवळचा लाकडी फलक. त्यावर बोर्डात आलेले, डॉक्टर, इंजिनियर, दोन शास्त्रज्ञ, एक न्यायाधीश. गाणारा, नाचणारा, चित्र काढणारा एकही नाही. नव्या मुख्याध्यापिका बाईंनी तो फलक वरपासून खालपर्यंत वाचला आणि विचारलं, "या शाळेत कधी कोणी गायलंच नाही का?" तिथून हे सुरू झालं.

यादी आत्ता २३ नावांवर आहे. पहिली पाच नावं एका मिनिटात आली, पुढच्या अठरांना दीड महिना लागला. त्यातही भांडणं आहेत. एकाने नववीतच शाळा सोडली, तो 'आपला' धरायचा का? एक बाई दिवसभर कार्यालयात नोकरी करतात आणि त्यांचे चार कवितासंग्रह आहेत, हे 'करिअर' का? आणि नक्की करायचं काय? व्यासपीठावर ओळीने उभं करून सन्मानचिन्ह हातात द्यायचं, फोटो काढायचा, झालं? मला ते पटत नाहीये, पण दुसरं काय ते सुचतही नाहीये.

आता खरी अडचण. यादीत लहान मुलांच्या पुस्तकांची चित्रं काढणारा एक जण आहे, चांगलं नाव आहे त्याचं. त्याच्या वेळची कागदपत्रं शोधताना कपाटात वर्गाची शेरा-वही सापडली. सातवीच्या पानावर लाल शाईत लिहिलंय: "वहीच्या समासात चित्रे काढतो. तीन वेळा समज दिली. पालकांना बोलावणे." खाली वडिलांची सही. हे प्रदर्शनात लावावं असं समितीतल्या दोघांचं म्हणणं आहे. उरलेल्या दोघांना वाटतं की यात शाळेची शोभा होईल. पाचवं मत माझं आहे आणि ते अजून ठरलेलं नाही.

---

मागचा बाक

लावा! लावा! चौकटीत घालून लावा!

(आधी त्याला विचारा मात्र. माझ्या नावावरचे शेरे कोणी लावले तर मी त्या शाळेत पाऊल टाकणार नाही. त्यात चित्रांचा संबंध नव्हता, खिडकीचा होता.)

---

तिसरी घंटा

मी नाटकांची प्रकाशयोजना करतो, सव्वीस वर्षं झाली. तुमच्या २३ नावांत चेहरा दिसणारे किती आणि न दिसणारे किती, एकदा मोजा. रंगभूषा, वेशभूषा, नेपथ्य, ध्वनी, संकलन, मंचव्यवस्था. असे कितीक जण तुमच्या शाळेतून गेले असतील आणि तुम्हाला पत्ताही नसेल, कारण आमचं काम नीट झालं की ते कोणाच्या लक्षात येत नाही. चुकलं की पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत सगळ्यांना कळतं.

एक किस्सा सांगतो, शाळेचं नाव घेणार नाही. माझ्याच वर्गातली मैत्रीण मोठी अभिनेत्री आहे. शाळेने तिचा सत्कार ठेवला. मला आठवडाभर आधी फोन. मी जरा खुशीत आलो. फोनवरचे सर म्हणाले, "तू येणारच असशील ना, मग जरा लवकर ये आणि दिवे बघ. आपला नेहमीचा माणूस गावाला गेलाय." तर मी स्टुलावर चढून दोन पारलाइट बांधले, तिच्या चेहऱ्यावर सावली पडू नये म्हणून एक कोनात सरकवला आणि मागे उभा राहून टाळ्या वाजवल्या. तिने भाषणात माझं नाव घेतलं, हा तिचा मोठेपणा. सूत्रसंचालकाने मात्र घेतलं नाही, कारण ते त्याच्या कागदावर नव्हतं.

राग नाही. पण यादी करताना आठवण ठेवा.

---

हिशेबनीस

मी जरा रुक्ष बोलणार आहे, आधीच माफी.

'करिअर' शब्द वापरलाय तर त्याला अर्थ असू द्या. ज्याचं घर कलेवर चालतं त्याचं करिअर कलेत. नोकरी करून कविता करणं उत्तम छंद आहे, त्याला नावं ठेवत नाही. पण एकदा ते दार उघडलं की यादी २३ वरून २३० वर जाईल. प्रत्येकाच्या आत्याने एक तरी दिवाळी अंकात लिहिलेलं असतं.

---

रंगपेटी

हिशेबनीस, तुमच्या नियमाने फ्रान्झ काफ्का बाद होतो. १९०८ ते १९२२ प्रागमधल्या कामगार अपघात विमा संस्थेत नोकरी केली त्याने, आणि लिहायचा रात्री. कलेवर घर वगैरे काही चाललं नाही.

---

हिशेबनीस

काफ्का मान्य. पण दर रविवारी कविता करणारा प्रत्येक जण काफ्का नसतो.

---

रंगपेटी

नसतोच. म्हणून काम बघा, पगारपत्रक नको. चार कवितासंग्रह आहेत ना? समितीतल्या एकाने तरी ते वाचलेत का? वाचा आणि मग भांडा. आमच्याकडे सत्कारमूर्तींचं काम न पाहता त्यांच्यावर पाच पाच मिनिटं बोलायची पद्धत आहे, 'यांना परिचयाची आवश्यकता नाही' म्हणून.

आता नववीत शाळा सोडलेल्याबद्दल. न्यूयॉर्कच्या परफॉर्मिंग आर्ट्स शाळेत अभिनेता अल पचिनो होता, त्याने मध्येच सोडली. तरी त्या शाळेचे नामवंत कोण म्हटलं की त्याचं नाव निघतंच. सत्यजित राय १९४० मध्ये शांतिनिकेतनच्या कला भवनात गेले आणि अभ्यासक्रम पुरा न करताच १९४२ मध्ये परत फिरले. त्यांना कोणी 'अपूर्ण विद्यार्थी' म्हणतं का? उलट तीस वर्षांनी, १९७२ मध्ये, त्यांनी तिथल्या आपल्या मास्तरांवर, बिनोद बिहारी मुखर्जींवर, 'द इनर आय' हा माहितीपट केला. बिनोदबाबूंची नजर जन्मापासून अधू, पन्नाशी ओलांडल्यावर शस्त्रक्रियेनंतर ती पूर्णच गेली. तरी कागद कापून, हाताने चाचपून त्यांचं काम चालू राहिलं, फरश्यांचं भित्तिचित्रही केलं. विद्यार्थ्याने मास्तरांकडे काय पाहिलं होतं ते त्या वीस-बावीस मिनिटांत दिसतं. सोडलेल्या शाळेशीही माणसाचं काहीतरी उरतं. ते काय उरलं, हे तुमच्या त्या नववीवाल्याला विचारा. आणि यायचं की नाही हेही त्यालाच ठरवू दे.

अजून एक. कलाशिक्षक यादीत आहेत का? चित्रकार रावबहादूर धुरंधर १८९० मध्ये मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये विद्यार्थी म्हणून शिरले, मग तिथेच शिकवायला लागले आणि १९३१ मध्ये निवृत्त झाले. आत्मचरित्राचं नाव 'कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे'. वजाबाकी करून बघा, ती एकेचाळीस वर्षं विद्यार्थिदशा धरून आहेत. त्यांनी शिकणं आणि शिकवणं वेगळं मोजलंच नाही. तुमच्या शाळेतून गेलेला आणि आज कुठेतरी मुलांना रंग कालवायला शिकवणारा माणूस 'कलेत करिअर केलेला' नाही तर कोण?

---

खडू_डस्टर

मी निवृत्त गणित शिक्षक. तो लाल शाईचा शेरा मीही लिहिला असता, म्हणून लिहायला बसलो.

वर्गात साठ मुलं, पस्तीस मिनिटांचा तास, त्यातली पाच हजेरीत जातात. समासात चित्र काढणारा मुलगा आपल्याला चित्रकार दिसत नाही. लक्ष नसलेला मुलगा दिसतो. हे समर्थन नाही, वस्तुस्थिती सांगतोय.

एकदा भूमितीच्या तासाला एका मुलीची वही मी काढून घेतली. शेवटच्या सात-आठ पानांवर काहीबाही अक्षरं होती, खाली रेघा, वर टिंबं. मला वाटलं चिठ्ठ्यांची सांकेतिक भाषा असावी. 'वर्ष संपल्यावर ने' म्हणून कपाटात टाकली. वर्ष संपलं, माझी बदली झाली, वही राहिली. पुष्कळ वर्षांनी माझी नात पेटी शिकायला लागली आणि तिच्या वहीत मी तीच टिंबं, त्याच रेघा पाहिल्या. वरचा सा, कोमल निषाद. ती मुलगी स्वतः चाली बांधत होती आणि लिहून ठेवत होती.

तिचं पुढे काय झालं मला माहीत नाही. तिने गाणं सोडलं की धरलं, ठाऊक नाही. नाव आठवतं. तो शेरा लावायचा की नाही यावर माझं मत विचाराल तर लावा. पण शेजारी शेरा लिहिणाऱ्या बाईंचं किंवा सरांचं नाव लावू नका.

---

मागचा बाक

सर, दंडवत. आधीच्या प्रतिसादातला उडाणटप्पूपणा मागे घेतो.

---

कोरा कागद

खडू_डस्टर सरांचं वाचून फ्रेंच लेखक अल्बेर कामूची गोष्ट आठवली. वडील पहिल्या महायुद्धात गेले, आई निरक्षर आणि कानांनी अधू, अल्जियर्समधलं दरिद्री घर. प्राथमिक शाळेतल्या लुई जेरमँ या मास्तरांनी फुकट जादा तास घेतले, शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसवलं आणि 'पोराने आता कमवायला लागावं' म्हणणाऱ्या आजीला घरी जाऊन पटवलं. १९५७ मध्ये नोबेल मिळालं, तेव्हा गडबड थोडी ओसरू दिली आणि १९ नोव्हेंबरला कामूने या मास्तरांना पत्र लिहिलं. बातमी कळल्यावर आईनंतर पहिला विचार तुमचाच आला, असं त्यात आहे. नोबेलची भाषणं पुस्तकरूपाने आली तीही त्याने जेरमँना अर्पण केली.

म्हणून सुचवते: प्रत्येक सन्मानिताला विचारा की शाळेतल्या कोणाचं नाव घ्यावंसं वाटतं. शिक्षकच असेल असं नाही. शिपाईमामा असतील, ग्रंथपाल असतील, बाकावरचा सोबती असेल. जे नाव येईल त्याला बोलवा आणि शेजारी बसवा.

---

तिसरी घंटा

कोरा कागद, हे फार आवडलं. माझं उत्तर तयार आहे. आमच्या सभागृहाचे शिपाईमामा. फ्यूज कसा बांधायचा हे मला भौतिकशास्त्राच्या तासाला नाही, त्यांनी शिकवलं.

---

टाक_बोरू

मी सुलेखनकार. कळकळीची सूचना: नावं तपासा. तीनदा तपासा.

एका शाळेने सुलेखनासाठी माझा सन्मान केला. सन्मानचिन्हावर माझ्या नावातला दुसरा उकार ऱ्हस्वाचा दीर्घ, आणि 'सुलेखन' झालेलं 'सूलेखन'. पितळेवर कोरलेलं, म्हणजे खोडायची सोय नाही. घरी कपाटात ठेवलंय. पाहुणे बघतात, एकदा माझ्याकडे बघतात आणि विषय बदलतात.

कलावंतांच्या नावांत इतर भानगडीही असतात. शाळेच्या दाखल्यावर एक नाव, रंगमंचावर दुसरं, लग्नानंतर तिसरं. कोणी आडनाव टाकलेलं असतं, कोणी आईचं नाव लावतं. दाखल्यावरून छापू नका. प्रत्येकाकडून त्याच्या हाताने कागदावर लिहून मागवा आणि शक्य असेल तर तेच अक्षर फलकावर उतरवा. फलकही एकजात मुद्रित दिसण्यापेक्षा जिवंत दिसेल.

---

कोमल_रे

सगळं छान चाललंय, पण मुख्य गोष्ट अजून कोणी बोललं नाही.

'जाता जाता दोन गाणी म्हणा.'

मी गाते. तीन ठिकाणी माझा सन्मान झाला आणि तिन्ही ठिकाणी हे वाक्य ऐकलं. आधी कल्पना नाही, तंबोरा नाही, साथीला कोणी नाही, माइक भाषणाला लावलेला, म्हणजे 'प' म्हटलं की फट्ट. समोर तीन तास बसून कंटाळलेली मुलं. नाही म्हटलं तर 'बघा, मोठी झाली'. हो म्हटलं तर वाईट गायल्याचं आपल्याच शाळेतल्या माणसांच्या लक्षात राहतं. माजी विद्यार्थी डॉक्टर असेल तर त्याला कोणी 'जाता जाता दोन जणांचं अपेंडिक्स काढा' म्हणत नाही.

गायला लावायचं असेल तर महिनाभर आधी विचारा. किती वेळ, कोणती साथ, मानधन किती, हे बोला. आवाजाची चाचणी घेऊ द्या. शाळेकडे पैसे नसतील तर तसं सरळ सांगा, आपल्या शाळेसाठी फुकट गाणारे पुष्कळ असतात. पण फुकट गाणं हा त्यांचा निर्णय असू द्या, तुमचं गृहीतक नको.

---

हिशेबनीस

हे पटलं. अंदाजपत्रकात 'कलावंत मानधन' अशी ओळ आधीच टाका. रक्कम लहान असली तरी चालेल, ओळ असली पाहिजे. ओळ नसली की पैसे फुलांच्या सजावटीत जातात.

---

अशील

कायद्याचं थोडक्यात. शाळेकडे एखाद्या माजी विद्यार्थिनीचं चित्र भिंतीवर असेल, भेट मिळालेलं किंवा विकत घेतलेलं, तर त्यामुळे ते माहितीपुस्तिकेवर, कॅलेंडरवर किंवा संकेतस्थळावर छापायचा हक्क आपोआप मिळत नाही. मूळ चित्राची मालकी वेगळी, त्याच्या प्रती काढायचा हक्क वेगळा. शिवाय कृतीखाली कर्त्याचं नाव असण्याचा हक्क बर्न करारात (लेखन-कलाकृतींच्या हक्कांबद्दलचा आंतरराष्ट्रीय करार) १९२८ पासून आहे. लेखी परवानगी घ्या, एका ओळीचा मेलही पुरतो. बहुतेक जण आनंदाने देतात, विचारलं नाही म्हणून दुखावतात.

---

उलटा प्रश्न

मला या सगळ्यातच एक खोट दिसते. तुम्ही जे टिकले त्यांनाच बोलावणार. मुलं बघणार की समासात चित्रं काढणारा मोठा चित्रकार झाला. मग वर्गातल्या सगळ्या समासवाल्यांना वाटणार की आपलंही होणार. जे पाच-दहा वर्षं धडपडले आणि मग दुसरीकडे वळले, ते व्यासपीठावर कधीच नसतात. त्यांच्याशिवाय हे चित्र खोटं आहे. असला सत्कार म्हणजे एका अर्थी जाहिरात.

---

दीड पाय

उलटा प्रश्न, मी ती 'दुसरीकडे वळलेली'. बारा वर्षं व्यावसायिक नृत्य केलं. एका तालमीत उडी मारून उतरताना गुडघ्यातला अस्थिबंध तुटला. शस्त्रक्रिया झाली, वर्षभर व्यायाम केला, परत उभी राहिले. पण पाय जमिनीवर टेकायच्या आधी मन घाबरायला लागलं, आणि घाबरलेलं मन तालात नसतं. आता एका कंपनीचे हिशेब बघते. (हिशेबनीस, म्हणजे तुमच्याच गोटात.)

मला कोणी बोलावलं तर मी जाईन. रडगाणं गायला नाही. मुलांना सांगेन की पहिल्या वर्षापासून विमा काढा, लाकडी जमीन नसेल तर उड्यांची तालीम करू नका, करारावर सही करायच्या आधी तो वाचा. आणि हेही सांगेन की ती बारा वर्षं वाया गेली असं मला एक दिवसही वाटलेलं नाही. पण मला सन्मानचिन्ह नका देऊ, अवघडल्यासारखं होईल. खुर्ची द्या आणि अर्धा तास द्या.

---

उलटा प्रश्न

माझ्या प्रश्नाला याहून चांगलं उत्तर मिळणार नव्हतं. धन्यवाद.

---

लिव्हरपूलची गल्ली

उशिरा आलो. शाळा आणि कलावंत म्हटलं की मला लिव्हरपूल इन्स्टिट्यूट आठवते. बीटल्स या गाजलेल्या बँडमधले पॉल मॅकार्टनी आणि जॉर्ज हॅरिसन दोघं त्याच शाळेतले. संगीताच्या तासाला आपल्यातलं काही कोणाच्या नजरेत भरलं नव्हतं, हे मॅकार्टनीने स्वतःच सांगितलंय. १९८५ मध्ये शाळा बंद पडली, इमारत ओस पडली. मग त्याच माणसाने पुढाकार घेतला, पैसा उभा केला आणि १९९६ मध्ये त्याच इमारतीत प्रयोगकलांची संस्था सुरू झाली. आता तिथे गायक-वादकांबरोबर ध्वनी आणि मंचाचं तंत्रही शिकवतात (तिसरी घंटा, खास तुमच्यासाठी).

शाळेने त्याचा सन्मान केला का, हा प्रश्न तिथे उलटा फिरला. ज्याच्याकडे पाहिलं नव्हतं त्यानेच भिंती वाचवल्या.

---

मागचा बाक

म्हणजे जुनी_वही, त्या चित्रकाराशी नीट वागा. शाळेचं छप्पर गळतंय असं मागच्या एका धाग्यात म्हणाला होतात.

---

रंगपेटी

फलकावरून अजून एक सांगायचं राहिलं. १८७२ पासून जे. जे. चा शिक्षक जॉन ग्रिफिथ्स तिथल्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला जात होता. गुंफांमधल्या अंधारात, मोसमामागून मोसम, त्या पोरांनी भित्तिचित्रांच्या नकला केल्या. हे तब्बल १८८५ पर्यंत चाललं. त्याच वर्षी लंडनच्या साउथ केन्सिंग्टनमधल्या आगीत त्यातल्या बऱ्याच नकला जळाल्या. उरलेल्या तिथल्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. सर्वसाधारण वाचकाला त्यातलं कोणाचं नाव ठाऊक असतं? ग्रिफिथ्सचं. पेस्तनजी बोमनजी त्या तुकडीत होते, पुढे मोठे चित्रकार झाले, म्हणून त्यांचं नाव थोडंफार घेतलं जातं. बाकीची पोरं अभ्यासकांच्या तळटिपांत आहेत.

तेव्हा फलक कराल तर खाली मोकळी जागा सोडा. पुढे कोणी सापडलं तर लिहिता येईल.

---

जुनी_वही

मंडळी, दोन महिन्यांनी परत आले. कार्यक्रम झाला. तुमच्यामुळे पुष्कळ बदललं, थोडं फसलंही. सांगते.

यादी ३१ वर गेली. कविताबाई त्यात आल्या. समितीने त्यांचे चारही संग्रह वाचायचे ठरवलं, प्रत्यक्षात दोघांनी वाचले, पण त्या दोघांनी इतकं भांडून मत दिलं की बाकीचे गप्प बसले. न दिसणारे सात जण मिळाले. एक संकलक, दोन ध्वनिमुद्रक, एक रंगभूषाकार, कठपुतळ्या करणारे एक आजोबा, मूर्तींचे साचे काढणारी एक आणि ग्रंथांची मांडणी करणारा एक. नववीत शाळा सोडलेल्याने 'येणार नाही' असं कळवलं. का, ते सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही.

व्यासपीठावरचा भाग चाळीस मिनिटांत उरकला. ओळख करून द्यायला मोठी माणसं नव्हती. प्रत्येक सन्मानिताचं काम आठवी-नववीच्या एका मुलाने आधी पाहिलं, ऐकलं किंवा वाचलं होतं आणि त्यानेच तीन वाक्यं बोलायची होती. एक मुलगा ध्वनिमुद्रकाबद्दल म्हणाला, "मी यांचं काम ऐकलं, पण काय ऐकायचं ते मला कळलं नाही, म्हणून मी त्यांना फोन केला." सगळे हसले, ते गृहस्थ सगळ्यात जास्त हसले. प्रमुख पाहुणे ठेवलेच नव्हते. कोमल_रे, गाणं झालं, महिनाभर आधी ठरवून, आणि मानधनाची ओळ अंदाजपत्रकात होती. माइकने तरीही एकदा दगा दिला.

फसलं ते प्रदर्शन. चित्रांवर काच होती आणि काचेत समोरच्या खिडक्या. चित्र बघायला गेलं की आपलंच डोकं दिसायचं. पुढच्या वेळी दिव्यांच्या माणसाला आधी विचारू.

आता शेरा. मी चित्रकाराला आधीच फोन करून वाचून दाखवला होता. बराच वेळ काही बोलला नाही, मला वाटलं फोन कट झाला. मग म्हणाला, "लावा. पण मला आधी एकदा ती वही हातात घेऊन बघू द्या." कार्यक्रमाच्या दिवशी तासभर लवकर आला आणि कार्यालयात उभ्यानेच पान उघडून बघू लागला. शेऱ्याकडे फार वेळ पाहिलं नाही, वडिलांच्या सहीकडे पाहत होता. "ते बोलवल्यावर आले होते, हे त्यांनी मला कधी सांगितलंच नाही," एवढंच बोलला. घरी कोणी रागावलं नव्हतं म्हणे.

नंतर सातवीच्या वर्गात त्याने दोन तास घेतले. भाषण नाही. पिशवीतून एकाच चित्राचे चौदा कागद काढले आणि फळ्यावर ओळीने लावले. एक म्हातारी दार उघडते आहे, बस. चौदाही नाकारलेले, पुस्तकात पंधरावं छापलं गेलं. मुलं प्रत्येकात काय चुकलं ते शोधायला लागली. एका मुलीला नववं छापलेल्यापेक्षा चांगलं वाटलं, आणि त्यावर तो आणि ती दहा मिनिटं वाद घालत होते. ती हरली नाही. तो निघताना नववा कागद तिच्या बाकावर ठेवून गेला.

खडू_डस्टर सर, शेऱ्याशेजारी नाव लावलं नाही. पण त्या बाई स्वतःच आल्या होत्या, काठी टेकत. फ्रेमसमोर थांबल्या आणि म्हणाल्या, "अक्षर माझंच आहे. चांगलं होतं तेव्हा."

दीड पाय, तुम्हाला निरोप पाठवलाय, वाचा. पुढच्या महिन्यात अर्धा तास, खुर्चीसह.

फलक अजून व्हायचाय. खाली जागा सोडणार आहोत.

---

खडू_डस्टर

वाचलं. मी जुन्या शाळेत पत्र टाकलंय. कपाट बदललं नसेल तर वही अजून तिथे असायला हवी.

---

तिसरी घंटा

सगळं वाचलं. एकच विचारतो. दिवे कोणी केले?

---

जुनी_वही

नववीतल्या दोघी मुलींनी. नावं कार्यक्रमपत्रिकेत छापली आहेत, शेवटच्या पानावर नाही, आत.

---

टाक_बोरू

नावं तपासली होती ना?

---

जुनी_वही

एकीचं चुकलं. सुधारून पुन्हा छापायला दिलंय.